जुने पाळणे जपावेत कसे आणि त्यांत बसावे कसे

नवरात्रात नाशिकच्या कालिकादेवीच्या यात्रेला, चंपाषष्ठीला ओझरच्या खंडेरायाला किंवा पौषात मालेगावजवळच्या चंदनपुरीला निघालेल्या माणसाला दुरून सर्वांत आधी दिसतो तो आकाशपाळणा. ब्रेकडान्स, टोराटोरा आणि ड्रॅगन या नव्या यांत्रिक खेळांच्या झगमगाटाआड पुष्कळदा एखादे जुने यंत्रही उभे असते: साखळ्यांना टांगलेल्या खुर्च्यांचे चक्र, रंगाचे थरावर थर चढलेले घोडे, किंवा चार पाळण्यांचा हाताने फिरवायचा लाकडी रहाटपाळणा. नव्या यंत्रांच्या गर्दीत ही जुनी यंत्रे एकेक करून भंगारात जातात, आणि त्यांपैकी बहुतेक दुरुस्त होण्याजोगी असतात. पाळण्यांचे मालक, यात्रा समित्या, उद्यानांची देखभाल करणारे लोक आणि या खेळांत हौसेने बसणारे नाशिककर, अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे.

माझे म्हणणे असे आहे की पाळणा सुरक्षितपणे फिरत राहिला तरच तो जपला गेला, आणि तो तसा फिरायचा असेल तर त्याला तेल-ग्रीसइतकीच नोंदवहीची गरज असते. यंत्र केवळ जुने झाल्यामुळे धोक्याचे होत नाही. त्याचा कोणता भाग कधी बदलला, कोणी जोडला आणि कशाचा जोडला हे कोणालाच सांगता येईनासे झाले, की धोका सुरू होतो.

जुने म्हणजे किती जुने

इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाले याने १६१५ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये रमजानच्या उत्सवात अशा उभ्या चक्रात बसल्याचे लिहून ठेवले आहे, त्यामुळे हा खेळ विजेच्या आणि इंजिनाच्या कितीतरी आधीचा आहे. पोलादाचे प्रचंड चक्र आले ते १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात. जॉर्ज फेरिस या अभियंत्याने उभारलेले ते चक्र २६४ फूट उंच होते आणि त्याला ३६ डबे होते. मात्र १९०६ मध्ये तेच चक्र सुरुंग लावून पाडण्यात आले आणि भंगारात गेले. व्हिएन्नामध्ये १८९७ साली उभे राहिलेले चक्र दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, आगीत होरपळले. युद्धानंतर ते पुन्हा उभारताना सांगाड्यावरचा भार कमी राहावा म्हणून ३० ऐवजी १५ डबेच बसवले गेले, आणि ते आजही फिरते आहे. शिकागोचे चक्र छायाचित्रांत उरले आणि व्हिएन्नाच्या चक्रात आजही तिकीट काढून बसता येते. भार कमी करून, म्हणजे थोडी तडजोड करून, यंत्र चालते ठेवण्याचा व्हिएन्नाचा निर्णय मला जतनाचा उत्तम नमुना वाटतो.

आपल्याकडे 'जुने' या शब्दाला इतकी वर्षे लागत नाहीत. पुण्याच्या पेशवे पार्कातील फुलराणी ही छोटी आगगाडी १९५६ मध्ये सुरू झाली आणि तीन पिढ्यांनी तिच्यात फेरी मारली. दिल्लीचे अप्पू घर हे मनोरंजन उद्यान १९८४ मध्ये उघडले आणि २००८ मध्ये बंद झाले. मुंबईतल्या गोराईचे एस्सेलवर्ल्ड हे उद्यान १९८९ मध्ये सुरू झाले आणि २०२२ मध्ये त्याचे दरवाजे मिटले. ज्यांच्या शाळेची सहल नाशिकहून पहाटेच्या एसटीने गोराईच्या धक्क्यापर्यंत गेली होती, त्यांच्या दृष्टीने तिथली यंत्रे इतिहासात जमा झाली आहेत. म्हणून तीस वर्षांहून जुने, अजून फिरणारे किंवा फिरवता येण्याजोगे यंत्र हाती असेल, तर त्याला जुने मानून पुढील काळजी घ्यायला सुरुवात करावी.

पाना हाती घेण्यापूर्वी

दुरुस्ती हा जतनाचा पहिला टप्पा नव्हे, नोंद हा पहिला टप्पा आहे. यंत्र जसे उभे आहे तसेच त्याचे चारही बाजूंनी, दिवसाच्या उजेडात फोटो काढावेत. मग प्रत्येक सांध्याचा, प्रत्येक पाटीचा आणि प्रत्येक डब्याच्या आतल्या बाजूचा फोटो काढावा आणि फोटोत मोजपट्टी दिसेल अशी ठेवावी. बनवणाऱ्या कारखान्याची पितळी किंवा ॲल्युमिनियमची पाटी रंगाखाली दडलेली असते; ती खरवडू नये, रंग काढण्याच्या द्रावणाने हळूहळू मोकळी करावी. यंत्र उतरवताना प्रत्येक भागावर क्रमांक टाकावा. खडूचा क्रमांक पहिल्या पावसातच धुऊन जातो, त्यामुळे तारेने बांधलेला पत्र्याचा बिल्ला उत्तम. कोणता भाग कोणाला जोडला होता याचे साधे हातचित्र वहीत असावे.

हे यंत्र वर्षानुवर्षे चालवणारा माणूस ही सर्वांत मोठी नोंद असते आणि तीच सर्वांत लवकर हातातून निसटते. कोणता बेअरिंग लवकर तापतो, कोणत्या पाळण्याचे दार पावसाळ्यानंतर अडकते, कोणता आवाज नेहमीचा आणि कोणत्या आवाजाला यंत्र थांबवायचे, हे त्याला ठाऊक असते. ते कागदावर कुठेच नसते. त्याच्याशेजारी बसून, यंत्र फिरत असताना, मोबाइलवर त्याचे बोलणे आणि यंत्राचा आवाज असे दोन्ही ध्वनिमुद्रित करून घ्यावेत. पुढच्या वर्षी आवाज बदलल्याची शंका आली तर ताडून पाहायला आधार मिळतो.

रंगाची नोंद हे नाजूक काम आहे. जुन्या घोड्यावर किंवा डब्यावर दर दोन-चार वर्षांनी नवा रंग चढलेला असतो. शेपटीजवळ किंवा पोटाखाली, जिथे ऊन आणि हात कमी लागले असतील अशा जागी, टपाल तिकिटाएवढी खिडकी निवडावी आणि बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून एकेक थर पायरीपायरीने उघडा करावा. वरचा ऑइलपेंटचा भडक लाल थर गेला की खाली शेंदरी, त्याखाली निळसर पांढरा, सर्वांत खाली प्रायमर आणि मग लाकूड अशी वर्तुळे एकात एक दिसू लागतात. फोटो काढून प्रत्येक थराचा रंग छटापत्रकाशी जुळवून लिहून ठेवावा. पहिला रंग कोणता होता हे याच खिडकीतून कळते. जुन्या रंगांत शिसे असण्याची शक्यता बरीच असते. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशावर भारतात नियमाने मर्यादा आली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्यामुळे जुना रंग कोरडा घासू नये, कटरला चकती लावून उडवू नये आणि जाळूनही काढू नये. ओले घासावे, नाकावर चांगल्या दर्जाचा मास्क असावा, खाली प्लास्टिक अंथरावे आणि त्या जागी मुलांना फिरकू देऊ नये.

लोखंडाची परीक्षा

पाळण्याचा सांगाडा दुरून भक्कम दिसतो, पण तो तुटतो तेव्हा बहुधा सांध्यापाशीच तुटतो. पाळणा फिरताना चक्राच्या प्रत्येक आरीवर ताण चढतो आणि उतरतो, पुन्हा चढतो आणि पुन्हा उतरतो. हे लाखो वेळा घडले की वेल्डिंगच्या कडेला किंवा छिद्राच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर सुरू होते. धातूच्या या थकव्याला बाहेरून गंजही दिसत नाही आणि वाकही दिसत नाही, म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबून चालत नाही.

हंगामापूर्वी प्रत्येक भार पेलणाऱ्या वेल्डिंगची चाचणी करून घ्यावी. सर्वांत सोपी चाचणी फवारणीच्या तीन डब्यांची (भेदक द्रव, क्लीनर आणि डेव्हलपर) असते आणि ती एकदा जवळून पाहिली की तिच्यावर विश्वास बसतो. आधी त्या जागेवरचा रंग आणि ग्रीस पूर्ण काढून धातू उघडा करायचा. मग लाल भेदक द्रव फवारायचा आणि दहा-पंधरा मिनिटे तसाच राहू द्यायचा, म्हणजे तो असलेल्या चिरेत झिरपतो. त्यानंतर क्लीनरने ओलावलेल्या फडक्याने वरचा लाल रंग पुसून घ्यायचा. क्लीनर थेट फवारायचा नाही, नाहीतर चिरेतला रंगही धुऊन जातो. शेवटी पांढरा डेव्हलपर पातळ फवारायचा. धातू निर्दोष असेल तर तो भाग पांढराच राहतो. चीर असेल तर काही मिनिटांत त्या पांढऱ्यावर एक बारीक लाल रेघ उमटते आणि पाहता पाहता ठळक होत जाते. अशी रेघ दिसली की तो भाग त्या दिवसापासून बंद. त्यावर पुन्हा वेल्डिंगचा थर चढवून चीर झाकणे हा उपाय नव्हे. चीर कुठपर्यंत गेली आहे ते तपासून, ती पूर्ण काढून, जाणत्या वेल्डरकडून काम करून घेणे किंवा तो भागच नवा करणे हा उपाय आहे.

ही चाचणी फक्त पृष्ठभागावर उघडणारी चीर दाखवते. मुख्य शाफ्ट, पाळण्यांच्या पिना आणि धुरे यांच्या पोटातील दोष कळण्यासाठी अल्ट्रासॉनिक तपासणी लागते, आणि पृष्ठभागाच्या किंचित खालच्या चिरांसाठी चुंबकीय कणांची तपासणी. नाशिककरांचे भाग्य असे की सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत वाहनांचे आणि यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांसाठी हे काम रोजच चालते. त्यामुळे तपासणी करणारे तंत्रज्ञ, जुन्या मापाचा शाफ्ट कातून देणारे टर्नर आणि गनमेटलचे बुश ओतून देणारे लोक इथे हाकेच्या अंतरावर आहेत. यात्रेच्या पाळण्यांसाठी या कौशल्याचा वापर फार कमी होतो, याची मला खरोखर खंत वाटते. मालकांनी संकोच सोडून तिथे जावे. जुना भाग सोबत न्यावा, त्याचे माप सांगावे आणि धातू कोणता हे अंदाजाने ठरवू नये, तपासून घ्यावे.

नट-बोल्टची बाब साधी वाटते आणि म्हणूनच तिथे सर्वाधिक हेळसांड होते. जास्त ताणाच्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो. तिथे बिनआकड्याचा साधा बोल्ट बसवणे म्हणजे सांधा दुबळा करणे. बोल्ट टॉर्क पान्याने ठरलेल्या ताणापर्यंत आवळावा आणि मग नट व पट्टी यांच्यावरून रंगाची एक सरळ रेघ ओढावी. रोज सकाळी नुसती नजर टाकली तरी रेघ तुटलेली आहे की अखंड आहे ते दिसते आणि ढिला झालेला नट लगेच ओळखू येतो. स्प्लिट पिन (नट निसटू नये म्हणून घालायची दुभंगी पिन) एकदा काढली की ती टाकून द्यावी आणि नवी घालावी. तिच्या जागी खिळा किंवा तारेचा तुकडा कधीही चालणार नाही. बंद तोंडाच्या पोकळ नळ्यांत पावसाचे पाणी साठते आणि नळी आतून गंजते, तेव्हा खालच्या टोकाला निचऱ्याचे छिद्र आहे का ते पाहावे आणि जाडी मोजण्याच्या यंत्राने भिंत किती उरली आहे तेही पाहावे. छिद्र नसेल तर ते कुठे पाडायचे हे अभियंत्याला विचारूनच ठरवावे, कारण चुकीच्या जागचे छिद्र नव्या चिरेला जन्म देते. रंग देण्याआधी गंज पूर्ण काढून, प्रायमर लावून, मगच वरचा थर द्यावा. यात्रेच्या आदल्या रात्री गंजावरच जाड रंग फासला की चिरा लपतात आणि पुढची तपासणी निरुपयोगी होते.

वेगाबद्दल एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. जुने पाळणे डिझेल इंजिनावर आणि पट्ट्यावर चालत. आता त्यांना विजेची मोटर लावली जाते आणि पुलीचा व्यास बदलला की फेऱ्यांचा वेगही बदलतो. फिरत्या वस्तूवरचे बाहेर ओढणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग २० टक्के वाढवला तर ते बल ४४ टक्के वाढते आणि वेग दुप्पट केला तर चौपट होते. साखळ्या, पिना आणि वेल्डिंग जुन्या वेगासाठी केलेले असतात. लोकांना जास्त मजा यावी म्हणून जुन्या यंत्राचा वेग वाढवणे हा त्याला संपवण्याचा सर्वांत जवळचा मार्ग आहे. मोटर बदलली तरी मूळच्या फेऱ्या मोजून तेवढ्याच ठेवाव्यात.

लाकूड आणि फायबर

नाशिकच्या जुन्या वाड्यांच्या सागवानी खांबांवर हात चालवणारे सुतार अजून काम करतात आणि लाकडी घोड्याला असाच हात हवा असतो. कोरीव घोडा बहुधा अखंड ठोकळ्याचा नसतो. अनेक तुकडे सरसाने जोडून, आतून पोकळ ठेवून तो घडवलेला असतो. म्हणून पाय निखळला तर खिळे ठोकू नयेत. जुना सरस काढून, सांधा स्वच्छ करून, पुन्हा सरसाने आणि लाकडी खुंटीने जोडावे. कुजलेला भाग तेवढाच कापून त्याच जातीच्या, वाळलेल्या लाकडाचा, रेषांची दिशा जुळवलेला तुकडा बसवावा. लांबी (पुट्टी) भरून आकार वळवणे सोपे असते, पण पावसाळ्यातल्या फुगण्या-आकसण्याने ती दोन वर्षांत निघून येते. जून ते सप्टेंबर हे यंत्र उघड्यावर उभे ठेवू नये. ते जमिनीपासून वीतभर उंच, हवा खेळेल अशा शेडमध्ये ठेवावे आणि प्लास्टिकने घट्ट गुंडाळू नये, कारण आत घाम धरतो आणि बुरशी येते. वाळवीची माती आणि घुणाचा भुसा दर पंधरवड्याला पाहावा.

आपल्याकडचे बरेचसे घोडे, हत्ती आणि मोर फायबरचे आहेत. ते कमी जुने म्हणून कमी मोलाचे नाहीत. उन्हाने त्यांचा वरचा थर पांढरा पडून भुकटी सुटते आणि बसण्याच्या जागी तडे जातात. तड्याच्या आतल्या बाजूने ग्लास फायबर आणि रेझिनचा थर द्यावा आणि बाहेरची नक्षी शक्यतो तशीच राहू द्यावी.

मूळ भाग किती राखावेत आणि किती बदलावेत, या प्रश्नावर जाणकारांत एकमत नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या आल्टूना गावी १९०२ चा 'लीप द डिप्स' नावाचा ४१ फूट उंचीचा लाकडी रोलर कोस्टर आहे. तो १९८५ मध्ये बंद पडला आणि दुरुस्तीनंतर १९९९ मध्ये पुन्हा सुरू झाला. अशा लाकडी सांगाड्यात फळ्या सतत बदलाव्याच लागतात. इंग्लंडमध्ये मार्गेट इथला १९२० चा लाकडी कोस्टर २००८ मध्ये आगीत जळाला आणि २०१५ मध्ये पुन्हा धावू लागला. मेलबर्नच्या लूना पार्कमध्ये १९१२ चा कोस्टर आजही ब्रेकवाला गाडीत उभा राहून हाताने चालवतो. या उदाहरणांवरून माझे मत असे झाले आहे की ज्या भागावर माणसाचा जीव टांगलेला आहे, तो पिन असो, साखळी असो, शाफ्ट असो किंवा विजेची तार असो, बिनदिक्कत नवा घालावा, आणि जो भाग डोळ्यांसाठी व हातासाठी आहे, म्हणजे कोरीवकाम, पाट्या, दांडे आणि चालवण्याची पद्धत, तो जिवापाड जुना ठेवावा. काढलेला जुना भाग भंगारवाल्याला देऊ नये. बिल्ला बांधून, कधी आणि का काढला ते लिहून जपून ठेवावा. पुढच्या कारागिराला तोच नमुना म्हणून उपयोगी पडतो.

फिरवता येण्यापलीकडे गेलेले यंत्र बागेत कठड्याआड नुसते उभे करणे हा दुय्यम पर्याय आहे, पण भंगारापेक्षा तो शंभर पटींनी बरा.

यात्रेच्या मैदानात उभारणी

आपल्या यात्रा बहुतेक पावसाळ्यानंतर सुरू होतात आणि मैदान अनेकदा काळ्या मातीचे असते. ही माती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसून भेगाळते, त्यामुळे पहिल्या दिवशी समतल असलेला पाया चौथ्या दिवशी तिरका झालेला असू शकतो. पायाखाली रुंद लाकडी स्लीपर किंवा लोखंडी प्लेटा घालाव्यात, विटांचे तुकडे घालू नयेत. रोज सुरू करण्यापूर्वी लेव्हल बाटली आणि ओळंबा लावून पाहावे आणि मोजमाप वहीत लिहावे. विजेसाठी योग्य अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारे आरसीसीबी यंत्र असलेच पाहिजे. खुले सांधे टेपने गुंडाळून गवतात सोडलेली केबल हा अपघाताचा धोका आहे. दिवसाची पहिली फेरी रिकामी, दुसरी वाळूच्या पोत्यांनी भरलेली आणि मग माणसांची, हा क्रम मोडू नये. आकाशपाळण्यात माणसे ओळीने बसवू नयेत, समोरासमोरचे पाळणे भरत जावे, म्हणजे चक्राचा तोल राहतो आणि ब्रेकवर भार येत नाही.

मनोरंजनाच्या खेळांच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १५४७५ हे मानक आहे. मालकाने आणि यात्रा समितीने ते मिळवून वाचावे, स्थानिक प्रशासनाच्या परवानग्या वेळेवर घ्याव्यात आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यासमोर वर सांगितलेली नोंदवही ठेवावी.

आता बसणाऱ्यांसाठी

यात्रेतल्या पाळण्याची खरी मजा हवी असेल तर अष्टमी-नवमीची रात्र टाळून पहिल्या दोन-तीन माळांना, दिवेलागणीच्या सुमारास जावे. गर्दी कमी असते, चालक घाईत नसतो आणि उजेड असल्याने यंत्र नीट पाहता येते. तिकीट काढण्यापूर्वी एक पूर्ण फेरी बाजूला उभे राहून पाहावी. चालक प्रत्येक पाळण्याचा दांडा स्वतःच्या हाताने ओढून पाहतो का, यंत्र थांबण्याआधी कोणी चढ-उतर करते का, फिरताना ठरावीक जागी कट्ट असा आवाज किंवा हिसका येतो का, कठडा सगळीकडे आहे का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. उत्तर समाधानकारक नसेल तर मुलांनी कितीही हट्ट धरला तरी पुढच्या खेळाकडे वळावे.

बसताना ओढणी, पदर आणि मोकळे केस बांधून घ्यावेत, कारण फिरत्या शाफ्टजवळ ते अडकले तर जीवघेणे ठरते. चपला आणि मोबाइल खाली कोणाकडे तरी द्यावेत. मुलाची उंची कमी भरत असेल तर बुटांत काही घालून किंवा खोटे वय सांगून त्याला चढवू नये. सुरक्षेचा दांडा ठरावीक उंचीच्या शरीरासाठीच बनवलेला असतो आणि लहान मूल त्याखालून निसटू शकते. गरोदर स्त्रिया, हृदयविकार, मानेचे किंवा पाठीचे दुखणे असलेले लोक यांनी वेगवान खेळ टाळावेत. भोवळ येणाऱ्यांनी डोळे मिटून घेऊ नयेत. दूरच्या क्षितिजावर, शक्य असेल तर पांडवलेण्याच्या डोंगरावर, नजर ठेवावी, म्हणजे डोळे आणि कानांतली तोल सांभाळणारी यंत्रणा यांचा मेळ राहतो. मिसळ खायचीच असेल तर ती सगळे खेळ संपल्यावर खावी.

मोठ्या थीम पार्कची आखणी वेगळी करावी लागते. नाशिककरांना सोयीचे मोठे उद्यान म्हणजे खोपोलीजवळचे, २०१३ मध्ये सुरू झालेले इमॅजिका. पहाटे निघून रात्री परतण्याचा हिशेब कागदावर जमतो, पण कसारा घाटातली वाहतूक आणि दिवसभराचे ऊन यांनी माणसे अशी थकतात की शेवटचे दोन तास नुसते बाकावर जातात. आदल्या रात्री खोपोली किंवा कर्जतला मुक्काम करणे मला केव्हाही योग्य वाटते. रेल्वेने जायचे असेल तर नाशिकरोडहून कल्याण आणि तिथून कर्जत-खोपोली मार्गाची लोकल हा रस्ता आहे. उन्हाळी आणि दिवाळीची सुट्टी, तसेच शनिवार-रविवार टाळून मंगळवार-बुधवार निवडावा. दरवाजा उघडताच सगळे लोक पहिल्या दिसणाऱ्या खेळाच्या रांगेत उभे राहतात. त्याऐवजी थेट सर्वांत लोकप्रिय रोलर कोस्टरकडे जावे आणि जेवणाच्या वेळी, इतर लोक जेवत असताना, दुसऱ्या मोठ्या खेळाची रांग धरावी. पाण्याचे खेळ दुपारी तीननंतर घ्यावेत, म्हणजे ओल्या कपड्यांत दिवसभर फिरावे लागत नाही.

रोलर कोस्टरमध्ये कुठे बसावे याचे उत्तर यंत्रशास्त्रात आहे. पुढच्या डब्यातून वाट मोकळी दिसते, पण चढ ओलांडताना हा डबा जवळजवळ थांबून उतारावर झुकतो, कारण बाकीची गाडी अजून मागच्या चढावरच असते. शेवटचा डबा शिखरावर पोहोचतो तेव्हा अर्धी गाडी उतारावरून खाली निघालेली असते आणि ती त्याला खेचून नेते, त्यामुळे जागेवरून उचलल्यासारखे वाटते ते इथेच. प्रथमच बसणाऱ्याने मध्ये बसावे. गाडी रुळावरून उचलली का जात नाही, हे पाहायचे असेल तर स्थानकात उभे राहून चाकांकडे पाहावे: रुळावर धावणारी, रुळाच्या बाजूला टेकणारी आणि रुळाखालून धरणारी अशी तीन प्रकारची चाके असतात. खालच्या चाकांची युक्ती जॉन मिलर या अमेरिकी अभियंत्याची, १९१९ च्या पेटंटची. वर सांगितलेल्या १९०२ च्या कोस्टरला ही चाके नाहीत, म्हणून तो संथ आहे. एवढे समजल्यावर पुढची फेरी वेगळीच वाटते, याची मी खात्री देतो.

जुन्या यंत्रांना प्रेक्षकांची मदत सोप्या मार्गाने होते. नव्या खेळांत बसताना एक तिकीट जुन्या चक्राचेही काढावे, कारण गल्ला भरला नाही तर कोणताही मालक ते पुढच्या वर्षी ट्रकवर चढवत नाही. घोड्यांवर नावे कोरू नयेत आणि कोरणाऱ्याला रोखावे. काही बिघाड दिसला तर आरडाओरडा न करता चालकाला थेट जागा दाखवून सांगावे, तो दुर्लक्ष करत असेल तर यात्रा समितीच्या मंडपात किंवा पोलीस चौकीत कळवावे, आणि सांगताना खेळाचे नाव, पाळण्याचा क्रमांक व वेळ सांगावी; 'पाळणा खराब आहे' एवढ्याने कोणालाच काही शोधता येत नाही.

घरातल्या जुन्या अल्बममध्ये यात्रेचा किंवा एखाद्या बागेतल्या पाळण्याचा फोटो असेल तर तो स्कॅन करून घ्यावा. कोणाची यात्रा, अंदाजे कोणते साल, फोटोत कोण आहे, आणि मागे दिसणाऱ्या यंत्राचा रंग कोणता होता, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मागे पेन्सिलने लिहावे. पेनाची शाई पुढे फोटोत उतरते. त्याची एक प्रत पाळण्याच्या मालकाला द्यावी. कृष्णधवल फोटोतही डब्यांची संख्या, आरींची जोडणी, पाट्यांवरची अक्षरे आणि घोड्यांची मांडणी स्पष्ट दिसते, आणि दुरुस्ती करणाऱ्या फिटरला व सुताराला नेमकी तीच माहिती हवी असते.